पावणेदोन महिने, पंचेचाळीस अंश: गोंदियातली सुट्टी

परीक्षा संपते, निकालपत्रक हातात पडतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: आता या पोरांचं करायचं काय? सुट्टीबद्दल जे लेख आणि जाहिराती फिरतात, त्यांत घोडेस्वारीची शिबिरं असतात, रोबोटिक्सचे वर्ग असतात, थंड हवेची ठिकाणं असतात. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या पालकांना त्यांचा उपयोग नाही. इथले प्रश्न निराळे आहेत. अकरानंतर अंगणात पाय ठेववत नाही, मग मुलांनी खेळायचं कुठे? तेंदूपत्त्याच्या हंगामात मुलाला सोबत नेलं तर चालतं का? मोबाइल काढून घ्यावा का? दहावीचा क्लास मे महिन्यातच लावावा का?

आपली सुट्टी मुळातच लांब. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवट जवळ येतो. इतका वेळ तासातासाने भरायला गेलात तर तुम्हीही दमाल आणि मूलही. माझा सल्ला असा: सुट्टीभर चालेल असं एकच मोठं काम मुलाला निवडू द्या, रोजच्या एक-दोन लहान सवयी ठेवा आणि बाकी वेळ मोकळा सोडा. त्या मोकळ्या वेळात मूल ‘नुसतं खेळतंय’ अशी तक्रार करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानतं, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

आधी ऊन बघा, मग वेळापत्रक करा

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि नवतपा लागला की रात्रीही भिंती तापलेल्या असतात. त्यामुळे दिवसाची मांडणी शाळेसारखी दहा ते पाच करू नका. इथे दिवस दोन तुकड्यांत जगावा लागतो.

- पहाटे साडेपाच ते साडेआठ: बाहेरचं सगळं. खेळ, सायकल, पोहणं शिकणं, तलावावर जाणं, शेतात चक्कर.
- साडेआठ ते बारा: सावलीतलं काम. घरकामात हात, थोडा अभ्यास, निवडलेलं मोठं काम.
- बारा ते चार: घरात. झोप, वाचन, कॅरम, चित्रं, गप्पा.
- पाचनंतर: पुन्हा मैदान.

यात एक अडचण आहे. घर कवेलूचं आणि भिंती मातीच्या असतील तर दुपार निभते. पण घर पत्र्याचं असेल आणि वीज गेली असेल, तर ‘दुपारी घरातच थांबा’ हा सल्ला मुलाला भट्टीत बसवण्यासारखा आहे. अशा वेळी गावातली एखादी थंड जागा दुपारी मुलांसाठी उघडी ठेवायला सांगा: समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं वाचनालय, शाळेचा व्हरांडा. त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहायची गरज नाही. चार-पाच पालकांनी सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, किल्ली कोणाकडे राहील आणि दुपारी लक्ष कोण ठेवील हे त्यातच लिहावं. जबाबदारी घेणारं नाव दिसलं की कुलूप लवकर उघडतं.

बाहेरून आलेलं मूल बडबडत असेल, अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, घाम येणं थांबलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तो साधा थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पन्हं, ताक, पाणी काहीच घालू नका. शुद्धीवर असलेल्या मुलाला मात्र ओआरएस, आंबील, कैरीचं पन्हं घोटघोट देत राहा.

एक मोठं काम: पर्याय इथेच आहेत

काम मुलाने निवडायचं. तुम्ही तीन-चार पर्याय समोर ठेवा आणि गप्प बसा. निवडलेलं काम आठ दिवसांनी बदलावंसं वाटलं तर एकदा बदलू द्या, दुसऱ्यांदा नाही.

तलावाची नोंदवही. मला विचाराल तर गोंदियाच्या मुलाला यासारखं दुसरं काम नाही. मालगुजारीच्या काळात बांधलेले तलाव, ज्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, आणि शेताशेतांतल्या बोड्या या जिल्ह्यात जागोजाग आहेत. मे महिन्यात पाणी आटत जातं तसे पक्षी उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात. दुर्बिणीशिवायही बरंच दिसतं. करायचं ते असं:

१. घरापासून चालत जाता येईल असा एकच तलाव किंवा बोडी निवडा. दहा तलाव एकेकदा पाहण्यापेक्षा एक तलाव दहादा पाहा.
२. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, एकाच वेळी, सकाळी सहाच्या सुमारास जा. सोबत मोठं माणूस किंवा दोघं-तिघं मित्र असू द्या.
३. काठाजवळच्या एखाद्या दगडावर किंवा खुंटावर खूण करून पाणी किती मागे गेलं ते पावलांनी मोजा.
४. तारीख, वेळ, पक्ष्याचं नाव, संख्या आणि तो काय करत होता एवढं लिहा. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, पाय यांचं वर्णन लिहा किंवा वेडंवाकडं चित्र काढा. नाव नंतर कळेल.
५. तलावावर कोण येतं तेही लिहा: मासे धरणारे ढिवर बांधव, शिंगाड्याची तयारी करणारे, गुरं धुणारे. त्यांना पक्ष्यांची नावं विचारा. बहुतेकदा पुस्तकाआधी उत्तर तिथे मिळतं.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले ते अशाच नोंदी करत. तलावाकाठच्या जाणत्या माणसांकडून ते पक्ष्यांच्या सवयी शिकले आणि पुढे आयुष्यभर त्यावर लिहीत राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. मुलाला त्यांचं एखादं पुस्तक वाचायला द्या, पण आधी आठ-दहा दिवस तलावावर जाऊ द्या. तिथे पाहिलेलं पुस्तकात भेटलं की वाचन आपोआप पुढे सरकतं.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यापुरताच उरला आहे, तोही मोजका. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच, माणसाच्या उंचीशी बरोबरी करणारा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा पाणथळ जागी घरटं करतो. जूनमध्ये पहाटे त्यांची गणना होते. आपल्या गावाजवळ सारस दिसत असतील तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन गणनेत मदतीला येऊ का, असं विचारा. दिसलेल्या जोडीजवळ जाऊ नका, हाकलून फोटो काढू नका. घरटं दिसलं तर त्याची जागा मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. फक्त वनरक्षकांना आणि शेतमालकाला सांगा.

सुट्टीतला एक जुना ‘खेळ’ मात्र थांबवायला हवा. मे महिन्यात पोपटाची पिल्लं ढोलीतून काढून पाळली जातात किंवा विकली जातात, गुलेलने पाखरं पाडली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे गुन्हे आहेत. ‘लहान मूल आहे’ म्हणून पिंजरा घरात ठेवणाऱ्या मोठ्यांची सुटका होत नाही.

धानाचा हिशेब. जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात, पण आठवीतल्या किती मुलांना एकरी खर्च सांगता येतो? उन्हाळी धान मे महिन्याच्या आसपास कापणीला येतं आणि जूनमध्ये खरिपाचे पऱ्हे टाकण्याची तयारी सुरू होते. म्हणजे सुट्टीत एका हंगामाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात दोन्ही पाहायला मिळतात. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, पाण्याचा खर्च, हमाली, आधारभूत खरेदी केंद्रावरचं वजन आणि हाती आलेली रक्कम, हे सगळं मुलाला एका वहीत लिहायला सांगा. पावत्या दाखवा. आकडे लपवू नका. तोटा झाला असेल तर तोही दाखवा. नफा-तोट्याचं गणित पुस्तकात दोन रुपयांच्या पेनवर शिकवतात, इथे ते घरच्या चुलीशी जोडलेलं असतं.

याच कामाची दुसरी बाजू आजी-आजोबांकडे आहे. पूर्वी कोणकोणते धान पेरायचे, त्यांतला कोणता कोणत्या बांधीत यायचा, कोणत्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जायचा? शेजारच्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा जाती टिकल्या त्या कोणीतरी बी राखून ठेवलं म्हणून. गावातल्या पाच म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारून मुलाने यादी केली तर ती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मुलाची यादी तिथे खरोखर लागते.

घरच्या बोलीची ध्वनिमुद्रणं. घरात पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली बोलली जाते आणि शाळेत मात्र मूल ती बोलायला लाजतं, हे तुम्हाला माहीत आहेच. आजीकडून एक गोष्ट, लग्नातली गाणी, रोवणीची गाणी, पिकांची आणि माशांची नावं मोबाइलवर मुद्रित करायला सांगा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पुरेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मुलाने स्वतः बोलावी. मुद्रण करण्याआधी विचारावं, आणि हे कुठे टाकलं जाणार नाही असा शब्द दिला असेल तर तो पाळावा.

वाचन. विकत पुस्तकं घ्यायलाच हवीत असं नाही. गोंदियात जिल्हा ग्रंथालय आहे, तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत. वर्गणी किती, अनामत परत मिळते का, बालविभाग कधी उघडा असतो, हे जाऊन विचारा. अनुदान घेणाऱ्या वाचनालयाचं दार कायम बंद दिसत असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहानांसाठी मराठी गोष्टी वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. लहान भावंडांना रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायचं काम सहावी-सातवीतल्या मुलाला दिलं तर दोघांचंही वाचन होतं.

हाताचं काम. सायकलचं पंक्चर काढणं, बटण लावणं, चार माणसांचा स्वयंपाक, बँकेची पैसे भरण्याची चिठ्ठी लिहिणं. यादी छोटी ठेवा. मुलगा असो की मुलगी, यादी एकच हवी.

मोबाइल काढून घ्यायचा का?

पूर्ण काढून घेतलात तर तो शेजारच्या घरी सापडेल. त्याऐवजी वेळ, जागा आणि काम ठरवा. वेळ दुपारची, कारण तेव्हा बाहेर जाताच येत नाही. जागा माजघरात, सगळ्यांसमोर. रात्री जेवणानंतर फोन मोठ्यांच्या उशाशी. ‘अभ्यासासाठी हवाय’ असं उत्तर आलं तर ते खरं करून दाखवायला सांगा: बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, दीक्षा ॲपवर धडे आहेत, पक्षी ओळखायला मर्लिन ॲप आहे.

दोन गोष्टी आजच तपासा. ज्या फोनवर मूल खेळतं, त्यावर आजोबांचं किंवा तुमचं यूपीआय चालू आहे का? असेल तर त्याचा पिन मुलाला माहीत नसावा आणि खेळांच्या ॲपमधली खरेदी बंद ठेवावी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, तरी आमिष दाखवणाऱ्या लिंका थांबलेल्या नाहीत. पैसे गेलेच तर मुलाला मारत बसू नका. पहिल्या तासाभरात १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. वेळ गेला की पैसे अडवणं कठीण होतं.

मुलांना कामाला न्यावं का?

हा प्रश्न शहरातले लेख विचारतच नाहीत. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग तेंदूपत्ता, जूनमध्ये शेताची तयारी. हंगामात घरातला प्रत्येक हात मोजला जातो. कायदा काय म्हणतो ते आधी पाहा.

- चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणीही कामावर ठेवू शकत नाही: हॉटेल, ढाबा, किराणा दुकान, वीटभट्टी, राइस मिल, कुठेही नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- स्वतःच्या कुटुंबाच्या कामात, शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेली मदत करायला परवानगी आहे. म्हणजे घरच्या बांधीत धुऱ्यावर पाणी नेऊन देणं चालतं. फवारणीच्या पंपाला हात लावणं नाही.
- चौदा ते अठरा वयोगटाला खाणी, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया सोडून काम करता येतं. पण दिवसाला सहा तासांहून जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही आणि आठवड्याची सुट्टी हवीच.

आता कायद्यापलीकडचं. तेंदूपत्त्याला मूल सोबत आलं तर पानं खुडायला भल्या पहाटे जंगलात नेऊ नका. घरी आणलेली पानं मोजून ७० पानांचा पुडा बांधायला बसवा. सावलीत होतं आणि पाढेही होतात. मोहफुलं वेचण्याची वेळ आणि अस्वलाची खायची वेळ एकच, पहाटेची. मोहाच्या झाडाखाली एकट्या मुलाला पाठवायचं नाही, आणि वाकून वेचताना कोणीतरी उभं राहून पाहत असलं पाहिजे.

मुलाने केलेल्या कामाचे थोडे पैसे त्याच्या हातात द्या. वही-पेनाला लागतील म्हणून नाही, तर काम आणि पैसा यांचा संबंध त्याला कळावा म्हणून. एखादं मूल कुठे राबवलं जाताना दिसलं तर चाइल्डलाइन १०९८ वर सांगता येतं. तुमचं नाव गुप्त राहतं.

क्लास किंवा शिबिर लावण्याआधी

नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलाला संपूर्ण मे महिना क्लासमध्ये बसवण्याची घाई करू नका. पायाच कच्चा असेल, म्हणजे अपूर्णांक किंवा इंग्रजी वाचन अडत असेल, तर रोज पाऊण तास मागच्या इयत्तेचं पुस्तक पुरतं. पुढचा अभ्यासक्रम मेमध्ये ‘संपवणारे’ क्लास जुलैमध्ये पुन्हा पहिल्या धड्यापासूनच सुरू करतात. पैसे भरायचेच असतील तर आधी हे विचारा:

- पावती मिळेल का? मध्येच सोडलं तर उरलेली फी परत मिळेल का? केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्राने उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायला हवी आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये.
- शिबिर असेल तर वेळ कोणती? दुपारी दोनला मैदानावर बोलावणारं शिबिर लावू नका, कितीही स्वस्त असलं तरी.
- मुली असतील तिथे जबाबदार महिला कर्मचारी आहे का? पोहण्याच्या वर्गात दर वेळी जीवरक्षक हजर असतो का? पालकाला कधीही येऊन बघता येतं का? या शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे आले तर तिथूनच परत फिरा.

शाळेतल्याच शिक्षकांनी सुट्टीत खासगी शिकवणी लावण्याचा आग्रह धरला तर नकार द्यायला संकोच करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. फीबद्दल फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खेळासाठी मात्र आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. सुट्टीतल्या प्रशिक्षण शिबिरांची माहिती तिथे मिळते आणि ती खासगी शिबिरांपेक्षा परवडतात.

ज्यांना परीक्षा द्यायचीच आहे त्यांनी दोन लक्ष्यं ठेवावीत. पाचवीत जाणाऱ्यांसाठी नवोदय. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय नवेगावबांधला आहे आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आठवीत जाणाऱ्यांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. शासकीय, अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला त्यातून नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. दोन्हींची तयारी जुन्या प्रश्नपत्रिकांवर घरी होते.

सुट्टीतले चार धोके

पाणी. तलाव आटला की तो उथळ वाटतो, पण गाळात पाय रुततो आणि कमळाच्या देठांत अडकतो. वैनगंगेत रेती काढलेल्या जागी अचानक खोल खड्डे असतात. कालव्याच्या सिमेंटच्या उतारावरून वर चढता येत नाही. पोहायला शिकवा, पण शिकवणारा माणूस पाण्यात असताना. कोणी बुडताना दिसलं तर मुलांनी उडी मारायची नाही. दोर, काठी, ओढणी, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन फेकायचा आणि ओरडायचं. ही एक गोष्ट सुट्टीच्या पहिल्या दिवशी प्रत्यक्ष करून दाखवा.

साप. उकाड्यामुळे सगळे अंगणात जमिनीवर झोपतात, आणि मण्यार रात्रीच फिरतो. त्याचा दंश कधी दुखतही नाही. सकाळी पोटात कळ, घसा जड, डोळे मिटायला लागतात तेव्हा कळतं. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. दंश झाला तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हात-पाय हलू न देता थेट रुग्णालयात न्या. सर्पदंशावरचं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

दुचाकी. अठराच्या आतल्या मुलाने गिअरची गाडी चालवणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘गावातल्या गावात’ ही सवलत कायद्यात नाही.

चौथा धोका ओळखीच्या माणसांचा. सुट्टीत मूल नातेवाइकांकडे जातं, रात्री राहतं. ‘मला तिथे राहायचं नाही’ असं ते म्हणालं तर का, ते न रागावता विचारा आणि त्याचं ऐका.

फिरायला कुठे, केव्हा

मे महिन्यात हाजरा फॉल पाहायला जाऊ नका. कोरडा कडा बघून मुलं हिरमुसतात. तो धबधबा पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास पाहावा. दरेकसा स्थानकापर्यंत रेल्वेनेही जाता येतं. कचारगडच्या गुहा पाहायला थंडी बरी, आणि माघ पौर्णिमेची जत्रा हा गोंड बांधवांचा धार्मिक सोहळा आहे, सहलीसारखा गोंगाट तिथे करू नये. नागझिरा आणि नवेगाव दोन्ही मिळून २०१३ पासून एक व्याघ्र प्रकल्प आहे; उन्हाळ्यात पाणवठ्यांवर जनावरं दिसण्याची शक्यता जास्त असते, पण सफारीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. चार कुटुंबांनी मिळून एक गाडी घेतली तर भार वाटला जातो. ते जमलं नाही तर नवेगावबांधच्या तलावाकाठची एक सकाळ पुरेशी आहे.

एसटीत पाच ते बारा वयोगटाला अर्धं तिकीट आहे आणि २०२३ पासून महिलांनाही अर्धं. म्हणजे आई आणि दोन लहान मुलं मिळून दीड तिकिटात जातात. मामाचं गाव लांब असेल तर हा हिशेब मांडून बघा.

दिवाळीची सुट्टी निराळी

ती छोटी असते आणि त्या दिवसांत उन्हाचा जाच नसतो. हलका धान कापणीला आलेला असतो, पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात आणि गावोगाव मंडई भरते. दंडार आणि झाडीपट्टीची नाटकं याच दिवसांत सुरू होतात. मुलांना नाटकाला न्या, पण रात्रभर जागवू नका. पहिले दोन अंक पुरेत. खरी मजा दुपारी आहे. रंगमंच उभारणारे, पडदे बांधणारे, आवाजाची यंत्रणा लावणारे यांच्याजवळ तासभर उभं राहू द्या. एखादं मूल तिथून विजेचं काम शिकायची इच्छा घेऊन येईल, एखादं पेटी वाजवायची. तेच त्याचं पुढच्या सुट्टीचं मोठं काम.

दहावी-बारावी झालेल्यांनी: कागदपत्रं

निकालानंतर प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि तेव्हा दाखले मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. हे काम सुट्टी लागताच हातात घ्या, आणि मुलालाच करू द्या. तुम्ही फक्त सोबत जा.

- आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे सर्वांत आधी ताडून पाहा. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारमधले बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले तर शिष्यवृत्ती अडते.
- जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर: आपले सरकार केंद्रात अर्ज करा आणि पोच घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदत उलटली तर पोच दाखवून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.
- बारावी विज्ञानच्या मुलांनी जातवैधतेचा अर्ज निकालापर्यंत थांबवू नये. तो महाविद्यालयामार्फत आधीच भरता येतो. अनुसूचित जमातीसाठी पडताळणी समिती वेगळी आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतला जुना दाखला, महसुली नोंदी यांची शोधाशोध इथूनच सुरू करा, कारण सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.
- शाळा बदलायची असेल आणि मूल आठवीपर्यंतचं असेल तर मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायला हवा. तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

जूनच्या शेवटी केंद्रासमोर रांग असते आणि सर्व्हर मंद होतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी केंद्र उघडताच जा. मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो एकाच पिशवीत ठेवा.